घरापासून दूर असलेल्यांसाठी: दुसऱ्या महायुद्धातील सैनिकी रेडिओविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सैनिकांसाठीचा रेडिओ म्हणजे नेमके काय? तो बातम्यांसाठी होता की मनोरंजनासाठी?

दोन्हींसाठी होता, पण सैनिकांच्या आठवणीत राहिले ते मनोरंजन. दुसऱ्या महायुद्धात लाखो तरुण आपल्या देशापासून हजारो मैल दूर, ज्यांची नावेही त्यांनी पूर्वी ऐकलेली नव्हती अशा बेटांवर आणि वाळवंटांत महिनोन्‌महिने राहिले. प्रत्यक्ष लढाईचे दिवस थोडे आणि वाट पाहण्याचे दिवस फार, असेच बहुतेकांचे आयुष्य होते. पत्र पोहोचायला कित्येक आठवडे लागत आणि घरचा आवाज ऐकण्याचा दुसरा कोणताही मार्ग उपलब्ध नव्हता. ही उणीव भरून काढण्यासाठी अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनी या देशांनी आपापल्या सैनिकांसाठी वेगळे कार्यक्रम किंवा वेगळी केंद्रे चालवली. या पानावर मुख्यतः अमेरिकी व्यवस्थेविषयी सांगितले आहे, कारण ती सर्वांत विस्तृत होती. ब्रिटनविषयीची माहिती पुढे येतेच, कारण आपल्याकडच्या श्रोत्यांशी जोडणारा धागा तिकडून आलेला आहे.

अमेरिकी सैनिकांसाठीची ही व्यवस्था कोणी आणि केव्हा सुरू केली?

आर्म्ड फोर्सेस रेडिओ सर्व्हिस ही संस्था अमेरिकेच्या युद्ध खात्याने २६ मे १९४२ रोजी स्थापन केली आणि तिची सूत्रे टॉमस लुइस या जाहिरात क्षेत्रातून आलेल्या अधिकाऱ्याकडे दिली. संस्थेचे मुख्य काम राजधानीतून न चालवता लॉस एंजेलिसहून चालवायचे, हा निर्णय फार महत्त्वाचा ठरला. कारण नट, गायक, वादक, लेखक आणि ध्वनिमुद्रणाचे तंत्रज्ञ हॉलिवूडच्या परिसरातच राहत होते.

मात्र सुरुवात केवळ वरिष्ठांच्या आदेशाने झाली असे म्हणणे अपुरे ठरेल. अलास्काजवळच्या कोडियाक बेटावरील सैनिकांनी १९४२ च्या आरंभीच, कोणाच्या परवानगीची वाट न पाहता, जमेल त्या सामानातून स्वतःचे छोटे केंद्र उभे केले होते आणि वाजवण्यासाठी ध्वनिमुद्रिका मिळाव्यात म्हणून हॉलिवूडच्या कलावंतांना पत्रे धाडली होती. माझ्या मते या विषयाकडे पाहताना हे विसरता कामा नये. रेडिओ सैनिकांवर लादला गेला नव्हता, त्यांनी तो मागितला होता.

‘कमांड परफॉर्मन्स’ हा कार्यक्रम इतका प्रसिद्ध का झाला?

आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरील ‘आपली आवड’ ऐकत वाढलेल्या वाचकाला त्याचे उत्तर चटकन उमगेल. तो फर्माईशीचा कार्यक्रम होता. राजाने आज्ञा करावी आणि कलावंताने दरबारात हजर व्हावे, या जुन्या प्रथेवरून त्याचे नाव घेतले होते. फरक इतकाच की येथे आज्ञा करणारा साधा शिपाई होता. १ मार्च १९४२ रोजी, म्हणजे वर सांगितलेली संस्था अस्तित्वात येण्यापूर्वीच, त्याचा पहिला भाग प्रसारित झाला. सैनिकांनी पत्रातून काय ऐकायचे आहे ते कळवायचे आणि कार्यक्रम करणाऱ्यांनी ते मिळवून द्यायचे, असा त्याचा साधा नियम होता. बिंग क्रॉस्बी, बॉब होप, जूडी गार्लंड, फ्रँक सिनात्रा, डायना शोर असे त्या काळातले सर्वांत महागडे कलावंत येथे एक पैसाही न घेता येत असत. १५ फेब्रुवारी १९४५ रोजी ध्वनिमुद्रित झालेल्या एका विनोदी संगीतिकेत यांपैकी पुष्कळ जण एकत्र होते. एवढ्या कलावंतांना एका वेळी बोलावणे कोणत्याही व्यापारी प्रायोजकाला परवडले नसते.

पण मला या कार्यक्रमातील गाण्यांपेक्षा वेगळ्या फर्माईशी अधिक बोलक्या वाटतात. अभिनेत्री कॅरोल लँडिस हिचा नुसता एक सुस्कारा ऐकवावा, अशी मागणी आली आणि ती पूर्ण झाली. नर्तकी अ‍ॅन मिलर हिने सैनिकी बूट घालून नाचावे आणि टाचांचा तो आवाज ऐकवावा, अशीही मागणी आली. तव्यावर मांसाचा तुकडा टाकल्यावर होणारा चर्र आवाज हवा, असे कोणी कळवले. डबाबंद अन्नावर महिने काढणाऱ्या माणसाला तो आवाज काय वाटला असेल, याची कल्पना ज्याने कधी परगावी राहून घरच्या फोडणीची आठवण काढली आहे, त्याला सहज करता येईल. घराची आठवण माणूस कानानेही काढतो, हे त्या पत्रांमधून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच इतर कोठे दिसते.

हे कार्यक्रम अमेरिकेतील सामान्य लोकांना ऐकता येत होते का?

सहसा नाही. कार्यक्रम सैनिकांसाठीच होता. १९४२ च्या नाताळातील एक विशेष भाग मात्र अपवाद म्हणून देशभरातील केंद्रांवरून ऐकवण्यात आला. आपली मुले परदेशात काय ऐकतात, हे त्यांच्या आईवडिलांना त्या दिवशी कळले.

इतक्या दूर आवाज पोहोचवायचा कसा? लघुलहरींवरून थेट प्रक्षेपण होत असे का?

आरंभी तेच होत असे. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परावर्तित होऊन दूर जातात, त्यामुळे एका खंडातून दुसऱ्या खंडात आवाज पोहोचू शकतो. पण ज्यांनी रात्री उशिरा लघुलहरींवर एखादे परदेशी केंद्र लावण्याचा प्रयत्न केला आहे, त्यांना त्यातील अडचण माहीत आहे. आवाज येतो, जातो, पुन्हा येतो आणि मध्ये खरखर ऐकू येते. बातम्यांसाठी ते चालून जाते, संगीतासाठी चालत नाही.

म्हणून मुख्य भिस्त तबकड्यांवर ठेवण्यात आली. सोळा इंच व्यासाच्या, मिनिटाला ३३ १/३ फेरे घेणाऱ्या या तबकड्यांच्या एका बाजूवर सुमारे पंधरा मिनिटांचा कार्यक्रम मावत असे. त्या काळातील नेहमीच्या ध्वनिमुद्रिका लाखेपासून बनत आणि प्रवासात फुटत. शिवाय लाखेचा पुरवठाही युद्धामुळे आटला होता. यासाठी विनाइल वापरण्यात आले, जे लवचीक होते आणि ज्यावर खरखर कमी होती. या तबकड्या पेट्यांत भरून जहाजाने आणि विमानाने जगभर जात असत. तेथील छोट्या केंद्रावरून त्या वाजवल्या जात आणि जवळपासच्या छावण्यांना मध्यमलहरींवर स्वच्छ आवाज मिळत असे. जेथे केंद्रही नव्हते, तेथे रेडिओ आणि तबकडी वाजवण्याचे यंत्र एकत्र असलेला संच पाठवला जाई.

कार्यक्रमांतून जाहिराती काढून टाकत असत, हे खरे आहे का? आणि का?

खरे आहे. अमेरिकेतील लोकप्रिय कार्यक्रम प्रायोजकांच्या पैशावर चालत आणि साबण, सिगारेट, कॉफी यांची नावे त्यांत जागोजागी गुंफलेली असत. सैन्याने ते कार्यक्रम विनामूल्य घेतले, पण सरकारी ध्वनिक्षेपणातून एखाद्या कंपनीच्या मालाचा प्रचार होऊ नये म्हणून जाहिराती कापून पुन्हा ध्वनिमुद्रण केले. त्याबरोबरच तारखेशी बांधलेले उल्लेखही गाळले जात, कारण तबकडी पोहोचेपर्यंत ते शिळे होत. हे काम दिसते तितके सोपे नव्हते. त्या वेळी चुंबकीय फीत सर्रास वापरात आलेली नव्हती; एका तबकडीवरून दुसऱ्या तबकडीवर, सुई नेमक्या क्षणी उचलून आणि टेकवून, हे संपादन करावे लागे. ज्या तंत्रज्ञांनी हजारो तास हे काम केले त्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत, आणि मला त्याची खंत वाटते.

पॅसिफिक महासागरातील बेटांवर रेडिओ कसा चालत होता?

तेथील केंद्रांच्या साखळीला सैनिकांनी ‘मॉस्किटो नेटवर्क’ म्हणजे डासांची साखळी असे नाव दिले होते. ग्वादलकनाल, न्यू कॅलेडोनिया अशा बेटांवर ही केंद्रे होती आणि ग्वादलकनालसारख्या बेटांवर शत्रूच्या गोळीइतकेच मलेरियाने सैनिकांना जेरीस आणले होते. न्यू गिनीकडील साखळीला ‘जंगल नेटवर्क’ म्हणत. मलेरियाला प्रतिबंध करणाऱ्या अ‍ॅटाब्रिन या गोळ्या रोज घ्याव्या लागत. त्या कडू होत्या, त्यांनी त्वचा पिवळी पडत असे आणि त्यांच्याविषयी नाना अफवा पसरल्या होत्या, त्यामुळे सैनिक त्या टाळत. ग्वादलकनालच्या केंद्राने आपल्या संध्याकाळच्या संगीताच्या कार्यक्रमाला ‘अ‍ॅटाब्रिन कॉकटेल अवर’ असे नाव दिले. गाणी ऐकता ऐकता गोळीची आठवण होई. जाहिराती काढून टाकलेल्या रेडिओवर ही एकच जाहिरात राहिली होती असे म्हणता येईल, आणि ती श्रोत्याच्या हिताची होती.

कृष्णवर्णीय सैनिकांसाठी वेगळा कार्यक्रम का होता?

कारण सैन्यच वेगळे ठेवलेले होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या कृष्णवर्णीय सैनिकांना वेगळ्या तुकड्यांत, बहुतेकदा ओझी वाहण्याच्या आणि रस्ते बांधण्याच्या कामांवर ठेवले जाई. त्यांच्यासाठी ऑक्टोबर १९४२ पासून ‘ज्युबिली’ हा कार्यक्रम सुरू झाला. अर्नी व्हिटमन त्याचे निवेदन करीत आणि काउंट बेसी, ड्यूक एलिंग्टन, लीना हॉर्न असे श्रेष्ठ कलावंत त्यात असत. देशातील व्यापारी रेडिओवर कृष्णवर्णीय कलावंतांना इतकी मोकळी जागा क्वचितच मिळत होती. संगीताच्या दृष्टीने हा कार्यक्रम इतका सरस होता की श्वेतवर्णीय सैनिकही तो आवडीने ऐकू लागले, कारण रेडिओच्या लहरींना छावणीचे कुंपण अडवू शकत नव्हते. तरीही कार्यक्रमाच्या गुणवत्तेमुळे त्यामागचा अन्याय झाकता येणार नाही. सैन्यातील वर्णभेद संपवण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी २६ जुलै १९४८ रोजी दिला, तेव्हा युद्ध संपून जवळजवळ तीन वर्षे झाली होती.

व्ही-डिस्क म्हणजे काय?

या सैनिकांना थेट पाठवलेल्या ध्वनिमुद्रिका होत्या. त्यांच्यामागे एक संप आहे. अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने ऑगस्ट १९४२ पासून व्यापारी ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला होता, त्यामुळे नवे संगीत बाजारात येणे जवळजवळ थांबले. कॅप्टन रॉबर्ट व्हिन्सेंट यांच्या पुढाकाराने सैनिकांसाठी ध्वनिमुद्रण करण्यापुरती सवलत संघटनेने दिली आणि ऑक्टोबर १९४३ पासून बारा इंची तबकड्या, सुयांसह, डब्यांतून रवाना होऊ लागल्या. बाजारातील दहा इंची तबकडीवर सुमारे तीन मिनिटे मावत. येथे साडेसहा मिनिटांपर्यंत जागा होती, आणि त्यामुळे जॅझ वादकांना मनासारखा विस्तार करता आला. संपाच्या काळातील त्या संगीताचा मोठा भाग आज आपल्याला ऐकू येतो, तो सैनिकांसाठी केलेल्या या तबकड्यांमुळेच.

शत्रूची केंद्रेही सैनिक ऐकत असत का? ‘टोकियो रोझ’ कोण होती?

ऐकत असत, आणि प्रामुख्याने संगीतासाठी ऐकत असत. जपानी रेडिओवरून इंग्रजीत बोलणाऱ्या निवेदिका अनेक होत्या. ‘टोकियो रोझ’ हे नाव अमेरिकी सैनिकांनीच त्या सर्वांना मिळून दिले होते. युद्धानंतर मात्र त्या नावाचा सगळा भार एकाच स्त्रीवर पडला. इव्हा तोगुरी ही लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली अमेरिकी नागरिक युद्ध सुरू झाले तेव्हा जपानमध्ये अडकली होती आणि ‘झीरो अवर’ या कार्यक्रमात निवेदन करीत होती. तो कार्यक्रम तयार करण्याचे काम पकडलेल्या दोस्त सैनिकांकडून करून घेतले जात होते. १९४९ मध्ये तिला देशद्रोहासाठी शिक्षा झाली आणि ती सहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात राहिली. आपल्यावर दबाव आणून साक्ष घेतली गेली, हे प्रमुख साक्षीदारांनी पुढे मान्य केले. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी जानेवारी १९७७ मध्ये तिला माफी दिली. ‘टोकियो रोझ’ हा शब्द आजही गमतीने वापरला जातो. तो वापरण्यापूर्वी हा इतिहास आठवावा, अशी माझी वाचकांना विनंती आहे.

याच प्रश्नाची दुसरी बाजू आफ्रिकेच्या वाळवंटात दिसते. जर्मनांच्या ताब्यातील बेलग्रेड केंद्रावरून १९४१ पासून लाले आंडरसन हिने गायलेले ‘लिली मार्लेन’ हे गाणे रोज रात्री दहाला तीन मिनिटे कमी असताना लागत असे. पहाऱ्यावर निघालेल्या सैनिकाची आणि दिव्याच्या खांबाखाली उभ्या असलेल्या मुलीची ती गोष्ट जर्मन सैनिक ऐकत, आणि समोरच्या बाजूचे ब्रिटिश सैनिकही ऐकत. प्रचारमंत्री गोबेल्स यांना हे उदास गाणे पसंत नव्हते, पण सैनिकांच्या मागणीपुढे ते बंद ठेवणे शक्य झाले नाही.

खंदकात बसलेल्या सैनिकाकडे रेडिओ संच कोठून येणार?

तो बनवून घेत असे. इटलीतील अँझिओच्या किनाऱ्यावर १९४४ मध्ये दोस्त सैन्य अनेक महिने अडकून पडले होते, तेव्हा तेथे ‘फॉक्सहोल रेडिओ’ प्रचलित झाला. पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली तार, दाढीचे गंजलेले किंवा निळसर पडलेले पाते, सेफ्टी पिनला जोडलेले शिसपेन्सिलीचे टोक आणि हेडफोन एवढे साहित्य त्यासाठी पुरत असे. पेन्सिलीचे शिसे पात्यावर नेमक्या जागी टेकले की तो जोड विद्युतप्रवाहाला एकाच दिशेने अधिक सहजपणे जाऊ देतो आणि लहरींतून आवाज वेगळा होतो. याला बॅटरी लागत नाही. शिवाय काही प्रकारचे संच स्वतः लहरी बाहेर टाकतात व त्यांवरून शत्रूला ठिकाण कळण्याची भीती असते, तशी भीती येथे नव्हती. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्यांनी हा प्रयोग मुलांकडून अवश्य करून घ्यावा. जवळ मध्यमलहरींचे शक्तिमान केंद्र असेल तर तो आजही यशस्वी होतो.

ब्रिटनने आपल्या सैनिकांसाठी काय केले?

बीबीसीने १९४० च्या आरंभी ‘फोर्सेस प्रोग्रॅम’ सुरू केला. त्यातील हलकेफुलके कार्यक्रम सामान्य नागरिकांनाही इतके आवडले की बीबीसीचे गंभीर वळण कायमचे सैल झाले आणि १९४५ मध्ये त्यातूनच ‘लाइट प्रोग्रॅम’ जन्माला आला. गायिका व्हेरा लिन हिचा ‘सिन्सिअरली युअर्स’ हा कार्यक्रम नोव्हेंबर १९४१ मध्ये सुरू झाला. ती गाणी म्हणे, घरचे निरोप सांगे आणि प्रसूतिगृहात जाऊन एखाद्या सैनिकाला मूल झाल्याची बातमी कळवी. अशा हळव्या गाण्यांनी सैनिक खचतील, अशी टीका तेव्हा काही वरिष्ठांनी केली. मला ती टीका पटत नाही. १९४४ मध्ये व्हेरा लिन स्वतः ब्रह्मदेशाच्या आघाडीपर्यंत गेली, तेथे लढणाऱ्या, विस्मृतीत गेलेल्या ब्रिटिशांच्या चौदाव्या सेनेला भेटली, आणि त्या सैनिकांनी तिला अखेरपर्यंत आठवणीत ठेवले.

नॉर्मंडीच्या स्वारीनंतर दुसऱ्याच दिवशी, ७ जून १९४४ रोजी, ब्रिटिश, अमेरिकी आणि कॅनेडियन सैनिकांसाठी एक संयुक्त केंद्र सुरू झाले. अमेरिकी संगीतकार ग्लेन मिलर यांचा वाद्यवृंद त्याचे मोठे आकर्षण होता. १५ डिसेंबर १९४४ रोजी इंग्लिश खाडीवरून जाताना त्यांचे विमान बेपत्ता झाले.

भारतीय सैनिकांसाठी असे काही होते का? त्यात मराठी होते का?

या युद्धात पंचवीस लाखांच्या आसपास भारतीय सैनिक होते आणि उत्तर आफ्रिका, इटली व ब्रह्मदेश येथे ते लढले. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना इटलीतील शौर्यासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बीबीसीचे हिंदुस्तानी प्रसारण ११ मे १९४० रोजी सुरू झाले. लंडनमध्ये हे काम पाहणाऱ्या बीबीसीच्या पूर्व विभागात इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल काम करीत होते आणि त्यांच्यासोबत मूळच्या कोल्हापूरकडच्या वेणू चितळे होत्या. १९४२ मध्ये लंडनहून मराठीत वार्तापत्रे प्रसारित झाली, त्या कामात त्यांचा सहभाग होता. ही वार्तापत्रे भारतातील श्रोत्यांसाठी होती, खास सैनिकांसाठी नव्हती, हे स्पष्ट केले पाहिजे. तरीही बाँबवर्षाव सोसलेल्या लंडनमधून एक मराठी स्त्री मायबोलीत बोलत होती, ही गोष्ट आपल्याकडे फारच कमी जणांना माहीत आहे.

रेडिओ सिलोनचा या इतिहासाशी संबंध आहे, असे म्हणतात. तो कोणता?

फार जवळचा आहे. लॉर्ड माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडच्या सैनिकांसाठी कोलंबोहून ‘रेडिओ सीअॅक’ चालवले जात होते. त्यासाठी कोलंबोजवळ एकला येथे १०० किलोवॅटचा लघुलहरी प्रक्षेपक बसवण्यात आला. तो पूर्ण क्षमतेने चालू होईपर्यंत युद्ध संपले होते, त्यामुळे त्याचे श्रोते प्रामुख्याने मायदेशी परतण्याची वाट पाहणारे सैनिक होते. १९४९ मध्ये हे केंद्र बंद झाले आणि त्याची यंत्रणा रेडिओ सिलोनकडे आली.

पुढची हकिकत आपल्या घरातलीच आहे. १९५२ मध्ये केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झालेले पुण्याचे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी शास्त्रीय संगीताच्या कळकळीपोटी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सायानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, आणि लघुलहरींची ती येणारी-जाणारी खरखर सहन करीत महाराष्ट्रातील घराघरांतून लोक कोलंबो लावू लागले. परक्या सैनिकांसाठी उभारलेल्या त्या प्रक्षेपकाला आता गावोगावच्या आपल्या लोकांकडून फर्माईशीची पत्रे जाऊ लागली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने विविध भारती सुरू केली, ती बऱ्याच अंशी याच स्पर्धेमुळे. आणि त्या विविध भारतीवर फौजी बांधवांसाठी ‘जयमाला’ आली, जिच्यात चित्रपट कलावंत स्वतः येऊन सैनिकांशी बोलत.

ते मूळ कार्यक्रम आज ऐकता येतात का?

पुष्कळसे येतात. व्ही-डिस्कचा उपक्रम १९४९ मध्ये संपल्यावर, कलावंतांनी मोबदला न घेता केलेल्या कामाचा कोणी व्यापार करू नये या करारामुळे मूळ साचे नष्ट करण्यात आले आणि छावण्यांतील तबकड्याही गोळा करून मोडण्यात आल्या. ज्या उरल्या त्या बऱ्याच अंशी सैनिकांनी गुपचूप घरी नेलेल्या प्रती आहेत. सोळा इंची कार्यक्रम-तबकड्यांचा मोठा संग्रह वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे, आणि ‘कमांड परफॉर्मन्स’ व ‘ज्युबिली’ यांचे अनेक भाग जुन्या रेडिओच्या हौशी संग्राहकांनी इंटरनेटवर उपलब्ध करून दिले आहेत. प्रथमच ऐकणाऱ्यांनी १९४२ च्या नाताळाच्या भागापासून सुरुवात करावी.